ट, ठ

सोहारमध्ये शुक्रवारी मराठीचा वर्ग,
अल्युमिनियमच्या कारखान्यातल्या माणसांची सहा पोरं चटईवर,
आणि झुलेखाबाई फळ्यावर ठ काढत होत्या, ठशातला.
खडू गोल फिरला, आणि बोटभर अंतर उरलं असताना
थांबला.
पोरं हसली: बाई, हा तर ट!
पुन्हा काढला. पुन्हा ट.
तिसऱ्यांदा खडूच पडला.

हे मला मुनाफने सांगितलं, रात्री साडेअकराला,
एमआरआयच्या दाराबाहेर,
तिच्या बांगड्या रुमालात बांधून धरलेल्या.

मी चित्रं वाचते. माणसं नंतर, जमलं तर.
मेंदूच्या डाव्या बाजूला, पांढऱ्या भागात
लिंबाएवढं काहीतरी,
आकाराच्या मानाने सूज बेताची.
शिरेतून औषध गेलं, कडा उजळली,
आणि मी खुर्ची पुढे ओढली.

गाठीचं कडं बहुधा पुरतं मिटतं: ठ.
हे एका बाजूला उघडं होतं,
बाहेरच्या राखाडी सालीकडे तोंड करून.
ट.
म्हणजे ट्यूमरमधला ट हीच
ट्यूमर नसल्याची खूण.
पण खूण म्हणजे साक्ष नव्हे.
मिटलेल्या कड्याचं एमएस मी पाहिलंय,
आणि उघड्या कड्याची गाठही, एकदा, मस्कतला.
त्या अहवालाखाली माझी सही आहे.

सकाळी डॉ. एल्तायब म्हणाले, कवटीला एक भोक,
तांदळाएवढा तुकडा, आठवड्यात उत्तर.
डॉ. बद्रिया म्हणाल्या, शेजारीच बोलण्याची जागा आहे तिची.
मग स्टिरॉइड? इतक्यात नको,
काही गाठीही त्याने विरतात, लपतात,
आणि सहा महिन्यांनी दार वाजवतात.
पुढचं दोघं अरबीत बोलले.
खिडकीबाहेर जहाजं नांगर टाकून उभी,
बंदरात जागा होईपर्यंत.

मी वॉर्डात गेले. ते माझं काम नव्हे.
केसपेपरवर होतं, पूर्वीचे आजार: काही नाही.
इंग्रजीत विचारलं होतं तिला, हिंदीतही.
मी म्हटलं, डोळ्यांचं कधी काही?
"नाय ओ." शब्द जिभेवरून घसरत होते.
मग, बऱ्याच वेळाने,
"दापोलीला एकदा... लाल कापड घेतलं ईदसाठी.
घरी विटकं दिसलं. परत करायला गेले, भांडले.
दुकानदार उन्हात धरून दाखवतोय, लालभडक आहे बाई,
आणि मी म्हणतेय, विटका.
शेवटी डावा डोळा मिटून बघितलं.
लालभडक."

किती दिवस?
"पंधरा. डोळा फिरवला की दुखायचा.
सुरमा घातला, गेलं. धाकटी पाळण्यात होती."
धाकटी आता पहिलीत.

मी पन्नाशीच्या गुडघ्यांनी जिना धावत चढले.

मानेतल्या मज्जारज्जूत तिळाएवढा जुना डाग सापडला.
पाठीतून पाणी काढलं. पाठ, त्यातही ठ.
पाण्यात ते पट्टे दिसले, जे तिच्या रक्तात नव्हते.
मग पाच दिवस स्टिरॉइडची सलाईन,
आणि सुरी तूर्त झाकून ठेवली.

"म्हणजे चांगली बातमी?" मुनाफने विचारलं.
"दुसरी बातमी," मी म्हटलं.
आणखी काय म्हणणार होते?
हा येतो, जातो, नेतो थोडंथोडं; औषधं आहेत, महाग,
आणि मुनाफचा व्हिसा मार्चपर्यंतच.
अहवालात मी लिहिलं, गाठीची शक्यता कमी.
"नाही" हा शब्द मी आता लिहीत नाही.

तीन महिन्यांनी ती आली.
कडं विझलेलं, जागी फिकट राखाडी ओरखडा.
पुढच्या तारखेच्या चिठ्ठीमागे तिने
उजवं मनगट डाव्या हाताने धरून
एक अक्षर काढलं, जीभ दातांत धरून.
"मिटला काय ओ?"
मी सवयीने चिठ्ठी
उजेडासमोर धरली.